रिपोर्टात आकडे नऊ, मोजलेले तीनच

आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा सांगतो, चुकत असेल तर सांगा. वय ४२, ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, झाली. टोटल कोलेस्टेरॉल १८८, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २६०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १००, व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड वाहणाऱ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल) ५२ आणि खाली चार रेशो. टोटल २०० च्या आत, एलडीएल काठावर, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी "ठीक आहे, तेलकट कमी करा" म्हणून सोडून दिलं. मग तुम्ही मोबाइलवरच्या एका कॅल्क्युलेटरमध्ये हेच आकडे टाकले तर त्यानं अथेरोजेनिक इंडेक्स ०.८६, रेम्नंट कोलेस्टेरॉल जास्त, स्मॉल डेन्स एलडीएल जास्त असं सगळं लाल करून दाखवलं. वडिलांना ५२ व्या वर्षी अटॅक आलेला, त्यामुळे तुमची झोप उडालीय आणि तुम्ही विचारताय की साध्या रिपोर्टवरून काढलेल्या ह्या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा, डॉक्टर बरोबर की मोबाइल बरोबर.

मी सांगली भागात २६ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय आणि असे रिपोर्ट रोज बघतो. दोघंही अर्धे बरोबर आहेत. पण त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या, ती कळली की पुढचं सगळं सोपं होतं. तुमच्या रिपोर्टात नऊ आकडे छापलेत, पण लॅबनं रक्तात प्रत्यक्ष मोजलेत फक्त तीन, टोटल, ट्रायग्लिसराइड्स आणि एचडीएल. बाकीचे सहा ह्याच तिघांची बेरीज-वजाबाकी-भागाकार करून काढलेत. (काही लॅब एलडीएल डायरेक्ट मोजतात, तसं असेल तर रिपोर्टवर 'डायरेक्ट' असं लिहिलेलं असतं. तुमचं मोजलेलं वाटत नाही, का ते लगेच कळेल.) मोबाइलनं जे आणखी तीन आकडे दिले तेही ह्याच तिघांतून आलेत. म्हणजे बारा साक्षीदार दिसतायत, पण त्यातले नऊ जण ह्या तिघांकडून ऐकलेलंच सांगतायत. त्यामुळे "इतके सगळे लाल आले" म्हणून घाबरू नका, एकच गोष्ट नऊ वेळा सांगितली गेलीय. ती गोष्ट मात्र खरी आहे आणि दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

आता एलडीएल १०० कुठून आलं बघा. १९७२ साली फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिकसन ह्या तिघांनी ४४८ लोकांच्या रक्तावरून एक सोपं सूत्र मांडलं, टोटलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करा, उरलं ते एलडीएल. तुमचं करून बघा, १८८ वजा ३६ वजा ५२, बरोबर १००. म्हणून म्हटलं मोजलेलं वाटत नाही. त्या काळी एलडीएल खरं मोजायचं तर अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागायचं, ते मोठ्या संशोधन संस्थांतच असायचं, त्यामुळे हे सूत्र म्हणजे वरदानच होतं आणि आजही आपल्याकडच्या कितीतरी लॅबमध्ये तेच चालतं.

पण ह्या सूत्राचा सगळा भार त्या "पाचव्या भागा"वर आहे. व्हीएलडीएल कणांमध्ये ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल ५ ला १ असतं हे त्यात गृहीत धरलंय. ट्रायग्लिसराइड्स १०० असतील तर हे बऱ्यापैकी जमतं, २६० असतील तर ते कण ट्रायग्लिसराइडनं फुगलेले असतात आणि ५ नं भागून चालत नाही, आकडा ६-७ असा वर जातो. मग सूत्र गरजेपेक्षा जास्त वजा करतं आणि एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसतं. ४०० च्या वर तर हे सूत्र वापरायचंच नाही असं त्या मूळ लेखकांनीच सांगून ठेवलंय. २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या मार्टिन आणि सहकाऱ्यांनी साडेतेरा लाख लोकांच्या नमुन्यांवरून १८० खणांचा एक तक्ता केला, त्यात ५ च्या जागी प्रत्येकासाठी वेगळा भाजक येतो. २०२० मध्ये अमेरिकेच्याच एनआयएच ह्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतून सॅम्पसन यांचं समीकरण आलं, ते ट्रायग्लिसराइड्स ८०० पर्यंत चालतं. तुमचे आकडे मी त्यात घातले तर एलडीएल १०७ येतं. सात पॉइंटांनी आभाळ कोसळत नाही, पण "१०० म्हणजे नॉर्मल" ह्या वाक्याला आधार किती आहे ते ह्यावरून समजा. जिथं ट्रायग्लिसराइड्स जास्त आणि एलडीएल ७० च्या खाली असतं, म्हणजे गोळ्या चालू असलेले डायबेटिसचे पेशंट, तिथं हा फरक जास्त बोचतो, कारण टार्गेट गाठलं असं वाटतं आणि गाठलेलं नसतं.

आणि टोटल १८८ चं काय? इथं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण रिपोर्टवर हा आकडा सगळ्यात वर असतो आणि लोक तोच वाचून खिशात घालतात. तुमचं टोटल कमी दिसतंय त्याचं एक कारण तुमचं एचडीएल कमी आहे हे आहे. चांगल्याचा वाटाच लहान म्हणून बेरीज लहान. आपल्याकडे हे फार कॉमन आहे. आयसीएमआरच्या इंडिअ‍ॅब अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, झारखंड, चंदीगड आणि आपला महाराष्ट्र होता, त्यात ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी निघालं, ट्रायग्लिसराइड्स साधारण ३० टक्क्यांचे जास्त, आणि टोटल कोलेस्टेरॉल जास्त असलेले फक्त १४ टक्के. म्हणजे टोटल बघून आपल्या माणसाला पास-नापास करायला गेलं तर बहुतेक जण पास होणार. आणि इंटरहार्ट ह्या ५२ देशांतल्या अभ्यासात पहिल्या अटॅकचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३ होतं, बाकीच्या देशांत जवळपास ५९. तुमच्या वडिलांचं ५२ मला म्हणूनच नवीन वाटलं नाही. दर महिन्याला ऐकतो.

तर मग बघायचं काय? एकच वजाबाकी करा, टोटल वजा एचडीएल. १८८ वजा ३६, १५२. ह्याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीत शिरून बसू शकणारं जेवढं कोलेस्टेरॉल आहे तेवढं सगळं ह्यात येतं, एलडीएलमधलं, व्हीएलडीएलमधलं, मधल्या अवस्थेतल्या अवशेष कणांमधलं, लायपोप्रोटीन-ए मधलं सुद्धा. ह्यात ५ नं भागायची भानगड नाही, ट्रायग्लिसराइड कुठंच येत नाही, त्यामुळे उपाशीपोटी दिलंय की नाश्ता करून ह्यानं फारसा फरक पडत नाही. आपल्या कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ मध्ये जी गाइडलाइन काढली त्यात सर्वसाधारण माणसाला एलडीएल १०० च्या खाली आणि नॉन-एचडीएल १३० च्या खाली, जास्त जोखीम असेल तर ७० आणि १००, अतिजोखीम म्हणजे अटॅक वगैरे येऊन गेलेला असेल तर ५५ आणि ८५ असं सांगितलंय. दोन्हींमध्ये ३० चं अंतर असतं एवढं लक्षात ठेवलं तरी काम भागतं. तुमचं १५२ हे सगळ्यात सैल टार्गेटच्या सुद्धा वर आहे. म्हणून मी "ठीक आहे" म्हणणार नाही.

नॉन-एचडीएलवर मी इतका का भरवसा ठेवतो त्याचं एक उदाहरण देतो. माझ्याकडे एक आडत व्यापारी होते, ट्रायग्लिसराइड्स ३४०, टोटल २१०, एचडीएल ३४, सूत्रानं एलडीएल १०८. त्यांनी दारू पूर्ण बंद केली, रात्रीचा भात कमी केला, रोज चालायला लागले. दीड महिन्यानं आले ते हातात रिपोर्ट घेऊन चिडलेलेच, कारण एलडीएल १०८ वरून १२३ झालेलं, म्हणाले डॉक्टर एवढं करून वाढलंच की. मी त्यांना टोटल आणि एचडीएल दाखवलं, १९६ आणि ३७, म्हणजे नॉन-एचडीएल १७६ वरून १५९ वर उतरलेलं, ट्रायग्लिसराइड्स १८० वर. पहिल्या रिपोर्टात सूत्रानं ६८ वजा केले होते, दुसऱ्यात ३६, आणि ट्रायग्लिसराइड्स उतरताना थोडं एलडीएल खरोखरही वाढतं. पण एकूण वाईट माल कमीच झाला होता. ते ऐकून घरी गेले आणि चालणं चालू ठेवलं. मी जर नुसता एलडीएलचा आकडा बघून बोललो असतो तर त्यांनी त्याच दिवशी सोडून दिलं असतं.

आता मोबाइलच्या आकड्यांकडे येऊ. अथेरोजेनिक इंडेक्स म्हणजे ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल आणि त्याचा लॉग. पण तो काढायचा असतो मिलिमोलमध्ये, आणि आपले रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये असतात. तुम्ही २६० आणि ३६ तसेच घातलेत, म्हणून ०.८६ आलं. मिलिमोलमध्ये बदलून केलं की ०.५० येतं. ही चूक मी फार लोकांची बघितलीय, दर वेळी उत्तर ०.३६ नं फुगतं आणि चांगल्या माणसाला पण कॅल्क्युलेटर "हाय" म्हणतो. (लंडनला असलेल्या नातेवाइकांचे रिपोर्ट मिलिमोलमध्ये असतात, ते आपल्याशी ताडून बघायचे तर कोलेस्टेरॉलला साधारण ३८.७ नं गुणा, ट्रायग्लिसराइडला ८८.६ नं, दोघांचा गुणक वेगळा आहे.) तुमचं ०.५० पण ०.२१ ह्या वरच्या मर्यादेच्या पुढेच आहे, तेव्हा निष्कर्ष बदलत नाही, फक्त आकडा वाटतो तेवढा भयंकर नाही.

मी स्वतः लॉग-बिग काढत बसत नाही, नुसता ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल करतो. तुमचं ७ च्या वर आहे. मिलिग्रॅममध्ये साडेतीनच्या वर गेलं की माझं लक्ष हृदयाआधी पोटाच्या घेराकडे जातं. हा रेशो मुख्यतः इन्सुलिन नीट काम करत नाहीये हे सांगतो. घेर ९० सेंटिमीटरच्या वर, लिव्हरवर चरबी, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ५.७ च्या पुढे सरकलेलं, आई-वडिलांपैकी कुणाला शुगर, ह्यातलं काही ना काही बहुतेक वेळा सापडतंच. तुम्ही ह्यातलं काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे मला माहीत नाही, पण हे बघायलाच हवं.

रेम्नंट कोलेस्टेरॉलचं तर सोडूनच द्या. त्याचं सूत्र आहे टोटल वजा एचडीएल वजा एलडीएल. पण तुमचं एलडीएलच जर ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग काढून आलंय, तर परत वजा केल्यावर तोच पाचवा भाग मिळणार, ५२. व्हीएलडीएल पण ५२, रेम्नंट पण ५२. एलडीएल डायरेक्ट मोजलेलं असेल तर ह्या आकड्याला थोडाफार अर्थ येतो, नाहीतर नाही. अवशेष कण धोक्याचे असतात हे खरं आहे, पण ते किती आहेत हे ह्या वजाबाकीनं नव्यानं काही कळत नाही.

स्मॉल डेन्स एलडीएल जरा समजून घेण्यासारखं आहे. आमच्याकडे गाळपाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ऊस दिसतो, ट्रक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, बैलगाड्या. कारखान्याच्या काट्यावर टन किती आला ते कळतं. पण रस्ता तुंबणार किती हे टनांवर नाही, वाहनं किती त्यावर ठरतं. शंभर टन ट्रकांतून आला तर मोजक्या खेपा, तोच बैलगाड्यांतून आला तर दोन किलोमीटर रांग. एलडीएलचा आकडा म्हणजे काट्यावरचे टन. ट्रायग्लिसराइड्स जास्त असले की एलडीएलचे कण लहान होतात, एकेका कणात कोलेस्टेरॉल कमी भरलेलं, म्हणजे तेवढ्याच १०० ला वाहनं जास्त, आणि धमनीच्या भिंतीत शिरतं ते वाहन. तुमच्यासारख्या रिपोर्टात, ट्रायग्लिसराइड्स २६० आणि एचडीएल ३६, कण लहान असणार हे कॅल्क्युलेटर न वापरताही मी सांगू शकतो. त्याचं अंदाजपंचे सूत्र आहे, पण ते सुद्धा एलडीएल आणि ट्रायग्लिसराइडवरूनच काढतात.

वाहनं खरोखर मोजायची असतील तर टेस्ट आहे, अपोबी. अशा प्रत्येक घातक कणावर अपोबीचा एकच रेणू असतो, म्हणून अपोबी मोजलं म्हणजे कण मोजले. उपाशीपोटी जायची गरज नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी आता होते. तुमच्या केसमध्ये मी ती करायला सांगेन, कारण एलडीएल एक सांगतंय आणि नॉन-एचडीएल दुसरं सांगतंय, अशा भांडणातच तिचा उपयोग. ट्रायग्लिसराइड्स ९०, एचडीएल ५० असलेल्या माणसाला मी उगाच ती टेस्ट सांगत नाही, तिथं एलडीएलवरून जे कळतं तेच अपोबीवरून कळतं. १०० च्या खाली असावं हे किमान, जोखीम जास्त ठरली तर ८० च्या खाली.

आणि दुसरी टेस्ट, जी ह्या तीन आकड्यांतून कुठल्याच सूत्रानं निघत नाही, ती म्हणजे लायपोप्रोटीन-ए, लॅबवाले एलपी-ए म्हणतात. ही जवळपास पूर्णपणे आनुवंशिक असते, खाण्या-चालण्यानं फारशी हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा केली की पुरते. आपल्याकडे साधारण चारातल्या एकाचं ५० मिलिग्रॅमच्या वर असतं. वडिलांना ५२ व्या वर्षी अटॅक, हे ऐकल्यावर ही टेस्ट मी टाळूच शकत नाही. रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये आहे की नॅनोमोलमध्ये ते मात्र नीट बघा, नॅनोमोलमध्ये १२५ ही मर्यादा धरतात आणि एकातून दुसऱ्यात सरळ गुणाकार करून जाता येत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं होतं आणि "थोडी घेतली" होती. हे सहज नाहीये. ट्रायग्लिसराइड्स एकाच माणसात काही कारण नसताना सुद्धा २० टक्के इकडेतिकडे होतात, वर रात्री दारू आणि गोड म्हणजे २६० मधले किती तुमचे आणि किती त्या रात्रीचे हे मी सांगू शकत नाही. म्हणून एका रिपोर्टवर मी कधीच गोळी चालू करत नाही, अपवाद फक्त फार भलते आकडे किंवा आधीच हृदयविकार. दोन-तीन आठवडे दारू बंद, नेहमीचं घरचं जेवण, मग बारा तास उपाशी राहून परत करा. मुद्दाम त्या आठवड्यात उपास करून आकडे सुंदर करू नका, तुम्हाला तुमचे खरे आकडे हवेत. मध्येच डेंगी किंवा तसा मोठा ताप आला तर दीड-दोन महिने थांबा, आजारपणात कोलेस्टेरॉल खोटं खाली येतं. सोबत टीएसएच करा, थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉल वाढतं आणि नुसत्या थायरॉइडच्या गोळीनं ते उतरलेलं मी कितीदा बघितलंय. एचबीए१सी, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि बीपी, हे पण त्याच खेपेत उरकून घ्या. स्टेरॉइड चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, जिमच्या पावडरीत काय आहे ते पण.

जोखीम टक्क्यांत काढायची कॅल्क्युलेटरं असतात, पुढच्या दहा वर्षांत अटॅकची शक्यता किती वगैरे. अमेरिकेची प्रिव्हेंट, ब्रिटनची क्यूरिस्क. तिथं ४२ वय घातलं की उत्तर लहानच येतं, कारण त्या गणितात वयाचं वजन सगळ्यात मोठं आहे, आणि ती आपल्या इथल्या लोकांवर बनवलेली नाहीत. क्यूरिस्कमध्ये भारतीय वंशाचा पर्याय आहे, पण तो ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांवरून. उत्तर ३-४ टक्के आलं म्हणून सुटलो असं समजू नका. तुमच्याबाबतीत दोन गोष्टी आधीच विरुद्ध आहेत, वडिलांचा ५५ च्या आतला अटॅक आणि एचडीएल ३६. तंबाखू, सिगारेट, गुटखा ह्यातलं काही असेल तर तीन, आणि मग बाकीच्या आकड्यांची चर्चा मी नंतर करेन, आधी ते बंद.

एवढं होऊनही गोळी द्यायची की नाही हे ठरत नसेल, म्हणजे नॉन-एचडीएल १४० च्या आसपास, अपोबी १०० च्या काठावर, पेशंट गोळीला तयार नाही, तर मी कॅल्शियम स्कोअर सीटी सांगतो, हृदयाच्या धमन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारा स्कॅन. त्यात कॅल्शियम दिसलं तर प्रश्न मिटला, उपचार घ्यायचे. शून्य आलं तर दिलासा असतो, पण ४२ व्या वर्षी शून्य येणं अपेक्षितच असतं, मऊ प्लाक (धमनीच्या भिंतीत साचलेला चरबीचा थर) त्यात दिसत नाही, म्हणून त्या शून्यावर पुढची वीस वर्षं काढायची नाहीत.

थोडक्यात तुमच्यासाठी क्रम असा. तीन आठवड्यांनी परत लिपिड, त्यात टोटल वजा एचडीएल स्वतः करून बघा. त्याच रक्तात अपोबी, आणि एकदाच एलपी-ए. बाकी इंडेक्स, रेशो, रेम्नंट मोबाइलमध्ये राहू द्या. नॉन-एचडीएल परत १३० च्या वरच असेल आणि अपोबी पण वर असेल तर तुमच्या डॉक्टरांशी स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीबद्दल, सरळ बोला, वडिलांचं वय आठवणीनं सांगा, ते फॉर्मवर कुणी विचारत नाही. तोपर्यंत साखर, मैदा, दारू आणि रात्रीचा जास्तीचा भात कमी करा, ट्रायग्लिसराइड्स ह्यांनीच वाढतात, नुसतं तेल कमी करून ते हवे तेवढे उतरत नाहीत, आणि जेवणानंतर अर्धा तास चाला.

आणि धाकटा भाऊ आहे असं लिहिलंय, ३८ वर्षांचा, कधी रक्त तपासलेलं नाही. तुमचं एलपी-ए जास्त आलं तर त्याचंही करून घ्या. नाही आलं तरी त्याची साधी लिपिड करून घ्याच, वडील दोघांचे एकच आहेत.